आयटीआय: हाताला शिकवणारी सरकारी संस्था

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘आयटीआय’, दहावीच्या आसपास शाळा सोडणाऱ्या मुलामुलींना एखादा व्यवसाय प्रत्यक्ष करून घेत शिकवते. महाराष्ट्रात अशा चारशेहून अधिक शासकीय संस्था आहेत. त्यांचा कारभार राज्याचे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते. अभ्यासक्रम आणि अंतिम प्रमाणपत्र मात्र राष्ट्रीय पातळीवर ठरते, त्यामुळे नाशिकच्या सातपूरला शिकलेल्या वीजतंत्र्याचे प्रमाणपत्र देशात कुठेही ग्राह्य असते.

केंद्राच्या श्रम मंत्रालयाने १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिथून या संस्थांचा आरंभ होतो. नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांना यंत्रे मिळत होती, पण ती चालवणारे आणि दुरुस्त करणारे कुशल हात अपुरे होते. १९५६ मध्ये संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि दर्जा ठरवण्याचे काम केंद्राकडे राहिले. केंद्राकडची ही जबाबदारी २०१५ मध्ये श्रम मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे आली.

व्यवसायांची शासकीय नावे मराठीत चांगली रुळली आहेत: जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, शिवाय वीजतंत्री, तारतंत्री, यंत्र कारागीर, नळ कारागीर. जोडारी, कातारी, वीजतंत्री यांचे प्रशिक्षण दोन वर्षांचे, तर संधाता आणि नळ कारागीर यांचे एका वर्षाचे असते. बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असावे लागते. तारतंत्री, संधाता अशा काही व्यवसायांत दहावी न झालेल्यांनाही प्रवेश मिळतो. किमान वय १४ वर्षे. प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन फेऱ्यांतून होतो. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, तरी घरचे लोक त्यांना अजूनही शिवणकाम किंवा संगणकाकडेच वळवतात. वास्तविक तारतंत्री किंवा यंत्र कारागिराच्या कामात मुलींनी मागे राहावे असे काहीच नाही.

एकूण तासांपैकी सुमारे ७० टक्के वेळ कार्यशाळेत जातो, आणि संस्थेचा खरा प्राण तिथेच आहे. जोडाऱ्याचेच उदाहरण घेता येईल. त्याचा पहिला सोबती म्हणजे कानस. लोखंडाचा चौकोनी तुकडा, ज्याला कार्यशाळेत ‘जॉब’ म्हणतात, शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, घट्ट आवळायचा. शेगड्याची वरची कड प्रशिक्षणार्थ्याच्या कोपराच्या उंचीला आली पाहिजे. डावा पाय पुढे, मूठ उजव्या हातात, टोकावर डावा तळवा. कानस पुढे जातानाच कापते, म्हणून जोर पुढच्या फेऱ्यात द्यायचा आणि परतताना सोडायचा. पुढे सरकताना डाव्या हाताचा दाब हळूहळू कमी करून उजव्याचा वाढवावा लागतो. हे जमले नाही तर कानस झोके खाते आणि पृष्ठभाग मधोमध फुगीर होतो. मग जॉबला गुण्या लावून उजेडाकडे धरला, की मधून येणारी प्रकाशाची फट चूक दाखवते. पुन्हा शेगडा, पुन्हा कानस. सुरुवातीला हाताला फोड येतात आणि अनेकांना हे निरर्थक कष्ट वाटतात, कारण हेच काम यंत्र काही मिनिटांत करते. पण धातू किती निघाला हे बोटांना कळू लागते ते याच कष्टातून, आणि पुढे यंत्रावर उभे राहिल्यावर ती जाणीव उपयोगी पडते.

पुढच्या टप्प्यात एकमेकांत बसणाऱ्या दोन तुकड्यांची जोडणी येते. इथे ०.०४ मिलिमीटर इतकाच फरक चालतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर कॅलिपर आणि ०.०१ पर्यंत मोजणारा मायक्रोमीटर तोवर सरावाचे झालेले असतात. वर्गातला व्यवसायसिद्धांत, कार्यशाळेचे गणित आणि अभियांत्रिकी चित्रकला या कामाला धरूनच शिकवली जाते; अपूर्णांकांना घाबरणारा मुलगा मायक्रोमीटर वाचताना दशांश शिकून जातो.

शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतरची पायरी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ती घालून दिली. आजच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. कार्यशाळेत एक जॉब मन लावून करता येतो. कारखान्यात तोच वेगाने, पाळीत, इतरांच्या कामाशी जुळवून करावा लागतो. हे दुसरे शिक्षण संस्थेला देता येत नाही. शिकाऊ उमेदवाराला केवळ स्वस्त मजूर म्हणून राबवणारा कारखाना म्हणूनच त्याचे प्रशिक्षण अर्धवट ठेवतो.

आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, ही समजूत चुकीची आहे. दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करणाऱ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. भाषा विषयांची परीक्षा देऊन शालेय समकक्षता मिळवण्याची सोयही राज्याने केली आहे.

उणिवाही मोठ्या आहेत. उद्योग संगणक-नियंत्रित यंत्रांवर गेले, पण अनेक कार्यशाळांत जुने लेथच आहेत. त्याहून चिंतेची बाब शिल्प निदेशकांची. हाताला शिकवणाऱ्या शिक्षकाचे हे पद अनेक ठिकाणी रिकामे राहते किंवा तासिका तत्त्वावर चालवले जाते. जोडाऱ्याच्या तुकडीत साधारण वीस जण असतात, आणि प्रत्येकाचा दाब कुठे चुकतो हे शेजारी उभे राहूनच सांगावे लागते. निदेशकांसाठी एक वर्षाचे स्वतंत्र प्रशिक्षण असते. मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत ते दिले जाते. नवे यंत्र निधी आला की विकत घेता येते. असा निदेशक घडायला मात्र स्वतःचे व्यवसाय प्रशिक्षण, हे एक वर्ष आणि कामाचा अनुभव असा दीर्घ काळ लागतो. म्हणून नव्या इमारती आणि नवे व्यवसाय जाहीर करण्याआधी ही पदे कायमस्वरूपी भरली जाणे अधिक निकडीचे आहे.