माहुली : आपल्या दारातील इतिहास

शहापूर-मुरबाडच्या परिसरात वाढणाऱ्या विद्यार्थ्यांना माहुलीचे सुळके लहानपणापासून परिचित असतात. इयत्ता चौथीत ते शिवचरित्र शिकतात. परंतु त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण याच डोंगरावर घडले, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणूनच शैक्षणिक सहलींचा विचार करताना आम्ही माहुलीला अग्रस्थान देतो.

आसनगाव रेल्वे स्थानकापासून काही किलोमीटरवर पायथ्याचे माहुली गाव आहे. तेथून दाट जंगलातून चढण सुरू होते. वाट दमवणारी आहे. माथ्याजवळ लोखंडी शिडी चढावी लागते. सुमारे २८०० फूट उंचीवर पळसगड, माहुली व भंडारगड असे तीन गड एकमेकांस लागून आहेत. पडझड झालेला महादरवाजा, पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि पाण्याचे साठे आजही पाहावयास मिळतात. खाली तानसा जलाशय दिसतो. घाटमाथ्यावरून कसाऱ्यामार्गे कल्याण-भिवंडीच्या खाडीबंदरांकडे उतरणारी जुनी वाट याच टापूतून जाते. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे लक्षात येते.

निजामशाहीच्या अखेरच्या काळात, १६३६ मध्ये, शहाजीराजांनी माहुलीचा आश्रय घेतला. मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे अखेर त्यांना गड सोडावा लागला. पुढे शिवाजी महाराजांनी तो जिंकला; परंतु १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुलीही गेला. १६७० च्या प्रारंभी मराठ्यांनी केलेला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला. मात्र पुरेशी मदत न मिळाल्याने त्याने किल्लेदारी सोडली आणि त्याच वर्षी मोरोपंत पिंगळे यांनी गड स्वराज्यात आणला. कडे तेच, तटही तोच. अवघ्या काही महिन्यांत निकाल मात्र बदलला. गडाचे बळ त्यावरील सावध माणसांत आणि त्यांना वेळेवर पोहोचणाऱ्या रसदेत असते, हे विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष समजावून सांगता येते.

या माणसांत केवळ किल्लेदार व सरदार येत नाहीत. मराठेशाहीतील किल्ल्यांच्या घेऱ्यात महार, कोळी, रामोशी, मांग आदी समाजांतील लोक राखणीस असत. ऊनपावसात, रात्री-अपरात्री त्यांनी चौक्या सांभाळल्या. त्यांपैकी फारच थोड्यांची नावे कागदोपत्री उरली. देवड्यांसमोर उभे राहून मुलांनी त्यांचेही स्मरण करावे, असा आमचा आग्रह असतो. आपल्या पूर्वजांचा वाटा ओळखणारे मूल इतिहासाकडे परकेपणाने पाहत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हिवाळ्यात मुलांसह माहुलीस अवश्य जावे. पुरेसे पाणी व स्थानिक वाटाड्या सोबत असावा, सूर्यास्तापूर्वी उतरावे आणि नेलेला प्लास्टिकचा कचरा परत आणावा. तटाच्या दगडांवर नाव कोरू नये. ज्यांनी हा गड राखला, त्यांनीही आपली नावे तेथे कोरली नव्हती.