नव्या तलंगा आणि जुना कळप

परसात आठ कोंबड्या आहेत. त्यांत बाजारातून आणलेल्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, सोडल्या. दुसऱ्या दिवशी पाहावे तो एकीचा तुरा रक्ताळलेला, दुसरी उपाशीच कोपऱ्यात डोके खुपसून बसलेली. ‘जुन्या कोंबड्या दुष्ट असतात’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दुष्टपणा हे काही स्पष्टीकरण नव्हे. या भांडणामागे एक हिशेब आहे. तो समजला, तर तलंगा वाचवता येतात.

थोर्लेफ श्येल्डरूप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने शाळकरी वयातच कोंबड्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. कोण कोणाला टोचते, हे तो लिहून ठेवी. १९२०च्या सुमारास त्याने दाखवून दिले, की कोंबड्यांची टोचाटोची वाटेल तशी चालत नाही. कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या, तर त्यांतली एक टोचते आणि दुसरी बाजूला सरते. हा निकाल एकदा लागला की बराच काळ टिकतो. अशा जोडीजोडीच्या निकालांतून कळपाची उतरंड तयार होते. कधी कधी ‘अ’ ‘ब’ला, ‘ब’ ‘क’ला आणि ‘क’ उलट ‘अ’ला टोचते, असा त्रिकोणही आढळतो.

आता आकडेमोड करू. आठ कोंबड्यांच्या जोड्या ८ × ७ ÷ २ = २८. चार तलंगा आल्यावर बारा जणींच्या जोड्या १२ × ११ ÷ २ = ६६. वाढलेल्या ३८ जोड्यांपैकी तलंगांच्या आपसातल्या ६ जोड्यांचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. उरल्या ३२. म्हणजे कळप दीडपट झाला, पण ३२ निकाल एकाच खुराड्यात आणि एकाच दिवशी लागू पाहतात! एकटीच तलंग आणली, तर आठही चोचींचे लक्ष्य ती एकटीच होते. म्हणून तलंगा दोन-चार एकत्र आणणे बरे.

अस्थिर कळपाचे नुकसान मोजलेही गेले आहे. गूल आणि अ‍ॅली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही कळपांतल्या कोंबड्या सतत बदलत ठेवल्या होत्या. स्थिर कळपांच्या तुलनेत या कोंबड्या एकमेकींना जास्त टोचत, खात कमी, वजनाने कमी भरत आणि अंडीही कमी देत. अंडी विकून वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या घराला ही गोष्ट लहान नाही.

कोंबडी ओळखते ती मुख्यतः डोके आणि तुरा पाहून. म्हणूनच मध्ये जाळी लावण्याचा उपाय उपयोगी पडतो, कारण डोळ्यांची ओळख होते आणि चोच पोचत नाही. रात्री अंधारात तलंगा गुपचूप दांडीवर बसवल्या, तर भांडण फक्त सकाळपर्यंत लांबते.

मग क्रम कसा ठेवावा? नव्या तलंगा पहिले तीन-चार आठवडे कळपापासून पूर्ण दूर ठेवाव्यात. राणीखेत, म्हणजेच मानमोडी, या रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन आठवडेही जाऊ शकतात. लसीकरण झाले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर आठ-दहा दिवस मध्ये जाळी. तलंगा अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास आल्या, की दुपारी मोकळ्या परसात सर्वांना एकत्र सोडावे. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. आडोशाला फळ्या किंवा पाट्या टेकवाव्यात. हरलेल्या कोंबडीला नजरेआड होता आले, की निकाल रक्ताविना लागतो. रक्त दिसले, तर जखमी कोंबडीला ताबडतोब बाजूला घ्यावे, कारण लाल रंगाकडे बाकीच्यांच्या चोची वळतात. मात्र तिला जाळीपलीकडे, कळपाच्या नजरेसमोरच ठेवावे. काही आठवडे दिसली नाही, तर ती पुन्हा परकी ठरते.

खाद्याचाही प्रश्न आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. वाढत्या तलंगांना सुमारे १ टक्का पुरते आणि जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. म्हणून सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरच्या कोंबड्या तो आपणहून खातात.

खुडूक कोंबडीने घरीच उबवलेल्या पिल्लांना हा सारा खटाटोप लागत नाही. आई त्यांना कळपातच फिरवते आणि जवळ येणाऱ्यांवर धावून जाते. ती त्यांना दूर करते, तोवर ती कळपाच्या नजरेत रुळलेली असतात. जाळी लावून आपण करतो ते या आईचेच थोडेसे काम.

शाळेजवळ एखादा कळप असेल, तर मुलांना नोंदी ठेवायला सांगावे. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे घालावे. बारा ओळी व बारा स्तंभांचा तक्ता आखावा. दाणा टाकल्यावर रोज वीस मिनिटे, कोणी कोणाला टोचले त्याची खूण करावी. जाळी काढल्यावर पहिल्या आठवड्यातल्या खुणा आणि चौथ्या आठवड्यातल्या खुणा शेजारी ठेवून पाहाव्यात. टोचणे कमी झाले का? तक्त्यात एखादा त्रिकोण सापडतो का? उत्तर आपण आधी सांगू नये.