साडेसहाशे सीसीची क्रूझर आपल्या रस्त्यावर कशी चालते? चालवणाऱ्यांनीच सांगितलेला हिशेब

तासगाव : यंदा बेदाण्याचे पैसे हातात आले आणि माझ्या पुतण्याच्या डोक्यात साडेसहाशे सीसीची गाडी शिरली. "तात्या, तुम्ही पेपरात लिहिता, तुमच्या ओळखी आहेत. जरा चौकशी करा की," असं म्हणाला. त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी मला वेगळं गाठलं. "भावजी, तुमचं ऐकतोय तो. बागेवरचं पीककर्ज अजून फिटलं नाही, त्यात हा हप्ता कुठनं भरायचा?" म्हणजे दोन्हीकडून माझ्यावरच आलं. म्हणून महिनाभर जिथं जाईल तिथं अशी गाडी असणाऱ्यांना थांबवून विचारलं. तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूर आणि वाळवा तालुक्यातले सातआठ जण भेटले. नावं छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. आपल्या भागात अजून बऱ्याच घरांत हा विषय निघत असणार, म्हणून जे कळलं ते इथं मांडतो.

गाडी नेमकी कोणती?

आपल्याकडं रॉयल एनफिल्डची कुठलीही गाडी दिसली की लोक 'बुलेट' म्हणतात. पण ही वेगळी. नाव सुपर मिटिऑर ६५०. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली. कंपनी आयशर मोटर्सची. जुन्या शेतकऱ्यांना आयशर म्हटलं की ट्रॅक्टर आठवतो. तो ट्रॅक्टरचा धंदा त्यांनी २००५ मध्ये टॅफे कंपनीला विकला.

क्रूझर म्हणजे लांब पल्ल्याची, आरामात रेलून चालवायची गाडी. सीट खाली, हँडल जवळ, पाय पुढं. या गाडीचं इंजिन ६४८ सीसीचं आणि त्यात दोन सिलिंडर आहेत. ताकद ४७ पीएस, ओढ म्हणजे टॉर्क ५२.३ न्यूटन मीटर. नुसत्या आकड्यानं समजत नाही, म्हणून शेजारी आपली स्प्लेंडर ठेवून बघा. तिचं इंजिन ९७ सीसीचं, ताकद ८ पीएस, टॉर्कही ८ च्या आसपास. म्हणजे जवळपास सहापट फरक.

पीएस आणि टॉर्क यात लोकांचा घोळ होतो. ट्रॅक्टरवाल्याला हे लवकर कळतं. नांगर लावल्यावर कमी रेसवर ट्रॅक्टर न गुरगुरता ओढतो, तो टॉर्क. मोकळ्या रस्त्यावर किती जोरात पळेल, ते ताकदीवर ठरतं. या गाडीत ओढ खालच्या रेसलाच भरपूर मिळते, त्यामुळं सारखा गिअर बदलावा लागत नाही. जो भेटला त्यानं याचं कौतुक केलं.

हायवेवाले काय म्हणतात?

खानापूर तालुक्यातले आपले लोक गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेत. त्यातला एक जण यात्रेला दरवर्षी हैदराबादहून गावी येतो. आधी ट्रॅव्हल्सनं यायचा, आता या गाडीवर येतो. म्हणाला, "ऐंशी-नव्वदला धरली की इंजिन जागेवर बसल्यासारखं चालतं. थरथर नाही, हातापायाला मुंग्या नाहीत. ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हटलं की नुसती मूठ पिळायची."

वाळवा तालुक्यातला एक ठेकेदार पेठ नाक्यावरून पुण्याला जातो-येतो. त्याची उंची कमी. तो म्हणतो, "मोठ्या गाडीवर माझे पाय टेकत नव्हते. हिच्यावर दोन्ही पाय सपाट टेकतात." हे खरं आहे. सीटची उंची ७४० मिलिमीटर आहे. स्प्लेंडरची सीटसुद्धा यापेक्षा उंच, ७८५ मिलिमीटर. गाडी मोठी म्हणून उंच असेल, हा समज चुकीचा निघाला.

पेट्रोलची टाकी १५.७ लिटरची आहे. अ‍ॅव्हरेज विचारलं तर बहुतेकांनी २५ च्या आसपास सांगितलं. जोरात चालवणाऱ्यानं २२ सांगितलं. म्हणजे टाकी फुल्ल केली की साधारण साडेतीनशे किलोमीटर.

गावात राहणारे काय म्हणतात?

इथं सूर बदलतो. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका बागायतदाराचं घर रत्नागिरी-नागपूर महामार्गापासून सात किलोमीटर आत, वस्तीवर. म्हणाला, "हायवेला लागलो की राजा. पण हायवेपर्यंतचे सात किलोमीटर लै जीवावर येतात."

पहिली तक्रार खालच्या जागेची. गाडीचा तळ आणि रस्ता यात १३५ मिलिमीटर अंतर आहे. स्प्लेंडरला १६५ आहे. आपल्या गावातले गतिरोधक कुणी मोजून बांधलेले नसतात. ज्याच्या दारात अपघात झाला, त्यानं ट्रॉलीभर मुरूम टाकला की झाला गतिरोधक. त्यावर मागं माणूस बसवून गेलं की खालनं घासतं, असं चार जणांनी सांगितलं. तिरपी घेऊन, हळू उतरवावी लागते.

दुसरी तक्रार खड्ड्यांची. क्रूझरची बसण्याची पद्धत अशी की पाय पुढं असतात. साध्या गाडीवर खड्डा आला की आपण पायावर जोर देऊन जरा उठतो, दणका पायावर जातो. पाय पुढं असले की तसं उठता येत नाही. सगळा भार कमरेवर. त्यात सीट खाली ठेवायची म्हणजे मागच्या शॉकअपला खालीवर व्हायला जागा कमी मिळते. म्हणून हा दणका म्हणजे गाडीत बिघाड नव्हे. क्रूझर या जातीचाच हा स्वभाव आहे. गुळगुळीत रस्त्यासाठी केलेली गाडी खड्ड्यात घातली की ती दणका देणारच.

तिसरी गोष्ट वजन. गाडी २४१ किलोची. साखरेची जवळपास पाच पोती. स्प्लेंडर ११२ किलोची. चालताना वजन जाणवत नाही, उलट वाऱ्यात गाडी स्थिर राहते, हे सगळे मान्य करतात. पण थांबल्यावर आणि ढकलताना कळतं. एका शिक्षकांनी चौदा महिन्यांत गाडी विकली. कारण विचारलं तर म्हणाले, "घरापुढं उतार आहे. रोज सकाळी गाडी मागं ओढून चढावर काढायची. पोरगं हाताशी असलं तर ठीक, नसलं तर शेजाऱ्याला हाक मारायची. पन्नाशीत कंबर धरली." गाडी आवडली नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आता त्यांच्याकडं ३४९ सीसीची आहे.

मागं बसणाऱ्यांचं मत कुणी विचारत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारलं. एका घरातल्या वहिनी म्हणाल्या, "साडी नेसून बसायला सोयीची नाही. मागं टेकायला लावून घेतलंय, तेव्हापासून पंढरपूरपर्यंत बसता येतं. त्याआधी यांची पाठ धरून बसायची, ब्रेक मारला की पुढं, सोडला की मागं."

दुरुस्तीचं काय?

गावातला मेकॅनिक हुशार असतो, पण या इंजिनात पेट्रोल सोडायचं काम संगणक करतो. बिघाड बघायला कंपनीचं यंत्र लागतं. त्यामुळं सर्व्हिसला शहरातच जावं लागतं. एकाला एका छोट्या पार्टसाठी अठरा दिवस थांबावं लागलं. तेवढे दिवस तो वडिलांची जुनी गाडी घेऊन बागेत जात होता. एका दुकानानं सांगितलं तसं दुसऱ्यानं सांगितलं नाही, अशीही तक्रार ऐकली. घेण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तिथं आलेल्या गिऱ्हाईकांशीच बोलावं, हे बरं.

पैशाचा हिशेब

आता वहिनींच्या प्रश्नाकडं येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या जीएसटीत मोठा फरक पडला. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर २८ टक्के होता तो १८ झाला. ३५० च्या वरच्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के सेस असा ३१ टक्के होता, तो सरळ ४० टक्के झाला. म्हणजे कराआधी ३ लाखांची वस्तू धरली, तर १८ टक्क्यांनी कर ५४ हजार आणि ४० टक्क्यांनी १ लाख २० हजार. एवढा फरक फक्त इंजिन मोठं म्हणून. त्यावर महाराष्ट्रात दुचाकीचा रोड टॅक्सही इंजिनाच्या आकारानं वाढतो. शोरूमची किंमत चार लाखांच्या आसपास सांगतात, पण विमा, टॅक्स धरून गाडी दारात येईपर्यंत पाच लाखांच्या घरात जाते.

समजा एक लाख भरले आणि चार लाखांचं कर्ज काढलं. व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण ८,७०० रुपये. पाच वर्षांत बँकेला जातात ५ लाख २२ हजार. म्हणजे व्याजच सव्वा लाखाच्या जवळ.

पेट्रोल वेगळं. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं आणि लिटर १०५ रुपये धरलं, तर २५ च्या अ‍ॅव्हरेजनं ४,२०० रुपये. साठ देणाऱ्या छोट्या गाडीला १,७५० रुपये.

नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, त्याला हप्ता परवडू शकतो. आपला पैसा वर्षातनं एकदा येतो, तोही अवकाळी आणि दावण्या यातनं वाचला तर. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. भेटलेल्यांपैकी ज्यांनी रोख घेतली ते सगळे खूश दिसले. कर्ज काढून घेतलेल्या तिघांपैकी दोघं म्हणाले, "एक साल थांबायला पाहिजे होतं."

वेगाची भीती बाळगावी

आपल्याकडं गिअरच्या दुचाकीचं एकच लायसन. शंभर सीसीवर परीक्षा द्या आणि त्याच लायसनवर साडेसहाशे चालवा. युरोपात तसं नाही, तिथं टप्प्याटप्प्यानं लायसन मिळतं. मधल्या टप्प्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि ही गाडी बरोबर त्या मर्यादेच्या काठावर बसते. तिथं जी गाडी दुसऱ्या पायरीवर मिळते, ती आपल्याकडं अठराव्या वर्षी पहिल्या दिवशी मिळते.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर साधारण चौपट लागतं. गाडीला पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना एबीएस आहे, चाक लॉक होत नाही, हे चांगलंच. पण उसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पुढं उभी असते, ट्रॅक्टरच्या चाकानं चिखल डांबरावर आलेला असतो. तिथं एबीएस किती पुरणार? सुट्टीवर आलेला एक जवान म्हणाला, "काका, गाडी शंभरला गेली तरी साठला असल्यासारखी वाटते. धोका तिथंच आहे." हेल्मेट तो गावातसुद्धा घालतो. बाकीच्यांपैकी दोघांचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं बघितलं.

मग घ्यावी का?

सगळ्यांचं ऐकून मला एवढं कळलं. गाडी चांगली म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघंही खरं बोलतात. फरक गाडीत नाही, रस्त्यात आहे. महिन्यातनं चारदा लांब जाणारा, घर डांबरी रस्त्याला लागून असणारा, पैसे साठवून घेणारा माणूस समाधानी आहे. रोज बाग-वस्ती-बाजार करणाऱ्याला हीच गाडी जड जाते. म्हणून इंजिन बघण्याआधी आपला महिन्याचा रस्ता वहीत मांडावा.

आणि तीन गोष्टी करून बघाव्यात. शोरूमपुढच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारून ठरवू नये, ओळखीच्याची गाडी आपल्या वस्तीच्या रस्त्यावर आणून चालवावी. इंजिन बंद करून एकट्यानं ती चढावर मागं ओढून बघावी. आणि मागं जे बसणार आहे, त्याला बसवून गावचा गतिरोधक ओलांडावा.

पुतण्याला मी हेच सांगितलं. मागच्या रविवारी त्याच्या मित्राची गाडी वस्तीवर आणली. चालवली छान. आमच्या विहिरीजवळच्या चढावर मागं ओढताना मात्र दोघांना हात लावावा लागला. त्याची आई मागं बसून गतिरोधकावरनं आली आणि उतरल्यावर एवढंच म्हणाली, "गाडी चांगली आहे, पण पीककर्ज फिटल्यावर." पुतण्या काही बोलला नाही. फळछाटणीचा खर्च किती येतो ते बघून ठरवतो, असं संध्याकाळी मला म्हणाला. वहीत त्यानं महिन्याच्या फेऱ्या लिहायला घेतल्यात.