टेक्नेशियम पृथ्वीवर का उरले नाही?

आवर्तसारणीत ४३ क्रमांकाचे घर दीर्घकाळ रिकामे होते. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो शहरात कार्लो पेरिये आणि एमिलिओ सेग्रे यांनी ते भरले. कॅलिफोर्नियात अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमध्ये कणांचा मारा सोसलेला मॉलिब्डेनमचा पत्रा त्यांच्याकडे टपालाने आला होता. मॉलिब्डेनमच्या अणुकेंद्रात ४२ प्रोटॉन असतात. एकाची भर पडली की मूलद्रव्यच बदलते. पत्र्यात सापडलेले हे टेक्नेशियम माणसाने घडवलेले पहिले मूलद्रव्य मानले जाते. पण मूलद्रव्यांची नैसर्गिक आणि मानवनिर्मित अशी जी वाटणी आपण करतो, ती मला फसवी वाटते. दोन्हींची घडण एकच, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची. फरक पडतो तो टिकण्यात.

किरणोत्सारी पदार्थ ठरावीक काळात निम्मा होतो; तेच त्याचे अर्धायुष्य. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढे. म्हणून सुरुवातीचे निम्मे युरेनियम आजही खाणीत मिळते. टेक्नेशियमच्या सर्वांत टिकाऊ प्रकाराला मात्र सुमारे ४२ लाख वर्षेच मिळाली आहेत. पृथ्वीच्या ४५४ कोटी वर्षांत ते हजाराहून अधिक वेळा निम्मे झाले. अख्खी पृथ्वी टेक्नेशियमची असती, तरी त्यातला एकही अणू आज उरला नसता.

एवढा काळ नुसत्या आकड्यांनी मनात ठसत नाही. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहावे. विवराच्या काठावरचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर त्यामानाने कोवळे. आकाशातून कोसळलेल्या अशनीच्या आघाताने खडक वितळला तेव्हा त्यातला आर्गॉन वायू निघून गेला आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून तो पुन्हा शून्यापासून साठू लागला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉनच्या मोजमापानुसार विवराचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. आघाताच्या दिवशी तिथे टेक्नेशियम-९९ पुरले असते, तर त्याच्या २ लाख ११ हजार वर्षांच्या अर्धायुष्यानुसार आज सुमारे १५ टक्के हाती लागले असते. लाव्हा थंड झाला तेव्हा सर्वांत टिकाऊ प्रकार पुरला असता, तरी पन्नास हजार अणूंमागे एखादाच सापडला असता. लोणारच्या खडकाचे वय सांगणारा आणि टेक्नेशियमला नाहीसे करणारा नियम एकच आहे.

यावर कोणी म्हणेल की टेक्नेशियम निसर्गातही सापडले आहे. खरे आहे. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही ताऱ्यांच्या प्रकाशात त्याच्या खुणा दिसल्या, आणि पुढे युरेनियमच्या खनिजातही ते अत्यल्प प्रमाणात मिळाले. यातून माझाच मुद्दा पक्का होतो: तारे ते आजही घडवतात. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ११८ क्रमांकाच्या ओगॅनेसॉनचे मोजके अणू रशियातल्या दुब्ना इथे घडवले गेले आणि मिलिसेकंदाच्या आत विरले. जे बाटलीत भरता येत नाही, त्याला मूलद्रव्य का म्हणायचे? कारण मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच्या संख्येने ठरते, साठ्याने नाही. विरताना तो अणू एकामागून एक अल्फा कण सोडतो आणि त्या साखळीवरून मूळ क्रमांक काढता येतो.

राहिला धोका, आणि तो हलका लेखू नये. मुंबईजवळ तुर्भ्याला १९६४ मध्ये अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना सुरू झाला. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षे; हजारावा भाग उरायला सुमारे २ लाख ४० हजार वर्षे लागतात. लोणारच्या वयाच्या निम्म्याहूनही हा काळ कमी, पण एवढे दिवस राखण करणारी माणसाची कोणतीही व्यवस्था आजवर टिकलेली नाही. तरीही हे कृत्रिमपणाचे पाप नव्हे. रेडियम आणि रेडॉन पूर्ण नैसर्गिक असून घातक आहेत. विचारायचे ते अर्धायुष्य, किरणांचा प्रकार आणि शरीरात शिरण्याची वाट.

रुग्णालयात नेमका हाच हिशेब उपयोगी पडतो. हाडांच्या किंवा हृदयाच्या तपासणीसाठी टेक्नेशियम-९९एम, म्हणजे टेक्नेशियम-९९ चे जादा ऊर्जा असलेले रूप, टोचतात. त्याचे अर्धायुष्य फक्त ६ तास. ते तयार करून मुंबईहून विदर्भात पाठवले आणि वाटेत १२ तास गेले, तर पाव हिस्साच पोहोचेल. म्हणून ६६ तासांचे अर्धायुष्य असलेले मॉलिब्डेनम-९९ पाठवतात; ते विरताना त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहते. नवी मुंबईत वाशीला असलेली अणुऊर्जा विभागाची ब्रिट ही संस्था असे मॉलिब्डेनम भरलेले संच, म्हणजे जनरेटर, पुरवते. त्यातल्या ॲल्युमिनाच्या नळीला मॉलिब्डेनम चिकटून राहते. त्यातून सलाइन सोडले की तयार झालेले टेक्नेशियम तेवढे विरघळून बाहेर येते. सकाळी रुग्णाला टोचलेल्या टेक्नेशियम-९९एमपैकी दुसऱ्या सकाळी जेमतेम सोळावा हिस्सा उरतो, आणि लघवीवाटे बाहेर पडते ते वेगळेच.