दुखणं कधीपासूनचं?

मनोविकारांच्या वर्गीकरणाचा आढावा घेताना बहुतेक लेखक फ्रॉइडपासून सुरुवात करतात. मी क्रेपेलिनपासून करतो. दोघंही १८५६ साली जन्मलेले. फ्रॉइडनं मनाच्या तळाशी काय चालतं ते सांगितलं, पण एक विकार दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखायचा या प्रश्नात त्याला फारसा रस नव्हता. एमिल क्रेपेलिननं मात्र त्या प्रश्नाला सगळी हयात दिली. लाइपझिगला विल्हेल्म वुंटकडे तो प्रयोगनिष्ठ मानसशास्त्र शिकला होता आणि तिथली नोंदी ठेवण्याची शिस्त त्यानं रुग्णालयात आणली. हायडेलबर्गला असताना तो प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करी. रुग्ण आला तेव्हा काय होतं, घरी गेला तेव्हा काय होतं, काही वर्षांनी परत आला तर काय दिसलं, हे सगळं त्या कार्डावर असे. या कार्डांच्या चळतीतून १८९९च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात दोन मोठे विभाग उभे राहिले. एक, दिवसेंदिवस माणूस खंगत नेणारा आजार, ज्याला पुढं ब्लॉइलरनं स्किझोफ्रेनिया म्हटलं. दुसरा, येणारा-जाणारा आणि मधल्या काळात माणसाला बरा ठेवणारा उन्माद-नैराश्याचा आजार.

आजार ऐन भरात असलेल्या दोन रुग्णांना शेजारी बसवलं तर पुष्कळदा लक्षणं सारखीच दिसतात. दोघांनाही आवाज ऐकू येतात, दोघांनाही संशय असतो, दोघंही झोपत नाहीत. फरक कळतो तो आजाराच्या चालीवरून. क्रेपेलिननं १९२० साली आपली ही दुफळी वाटते तितकी स्वच्छ नाही असं स्वतःच लिहिलं, पण चाल बघण्याचा आग्रह त्यानं सोडला नाही. माझाही आयुष्यभराचा आग्रह तोच आहे. विकाराची व्याख्या आणि विकारांमधला भेद या दोन्ही गोष्टी काळाच्या हिशेबाशिवाय उभ्या राहत नाहीत, आणि तो हिशेब रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय मिळत नाही.

व्याख्येबद्दल जरा सांगतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं १९८० साली डीएसएम या आपल्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली तेव्हा तिचे प्रमुख रॉबर्ट स्पिट्झर यांनी विकाराची दोन मुख्य गमकं धरली: माणसाला होणारा त्रास आणि त्याच्या रोजच्या कामात येणारी बाधा. जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ साली या व्याख्येला धार लावली. त्यांचं म्हणणं असं, की विकार ठरायला दोन गोष्टी एकत्र लागतात. मनाची एखादी नैसर्गिक यंत्रणा तिचं काम करेनाशी झाली पाहिजे, आणि त्यातून माणसाचं नुकसान झालं पाहिजे. यातली पहिली गोष्ट शास्त्रानं तपासायची, दुसरी समाजाच्या मूल्यांवरून ठरते. या व्याख्येवर पुष्कळ टीका झाली. यंत्रणेचं नैसर्गिक काम कोणतं हे ठरवणार कोण, हा आक्षेप खराच आहे. तरीही आजवरच्या व्याख्यांत मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात मूल्यांचा भाग मूल्यं म्हणून उघड मांडला आहे.

तो लपवला की काय होतं याचे दाखले इतिहासात आहेत. १८५१ साली लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरनं गुलामांच्या पळून जाण्याला मनोविकार ठरवलं होतं. सोव्हिएत राजवटीत सरकारविरोधकांवर ‘संथ स्किझोफ्रेनिया’चा शिक्का मारून त्यांना रुग्णालयात कोंडलं गेलं. समलैंगिकता डीएसएममधून निघाली ती १९७३च्या डिसेंबरात. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं या सगळ्यातून धडा घेतला आहे. राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून, धर्म-वंश-संस्कृतीवरून किंवा आजाराशी थेट संबंध नसलेल्या कारणावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या निकषांनुसार, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीसारख्या वर्गीकरणानुसार व्हावं, असंही तिथं म्हटलं आहे. मानसशास्त्र शिकणाऱ्यांना हे कलम पहिल्या वर्षीच शिकवायला हवं.

धडधाकट माणसांना खोट्या लक्षणांनिशी मनोरुग्णालयांत पाठवणारा रोझेनहानचा १९७३चा गाजलेला प्रयोग सर्वांना ठाऊक आहे, त्याच्या खरेपणावर अलीकडे घेतलेल्या शंकाही ठाऊक आहेत. त्यात मी थांबत नाही. त्याच सुमाराचं खरं मोलाचं काम न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये झालं होतं. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचं निदान इतकं जास्त का होतं, हे शोधायला दोन्ही देशांतल्या डॉक्टरांना रुग्णांच्या मुलाखतींच्या त्याच चित्रफिती दाखवल्या. एका रुग्णाबाबत ६९ टक्के अमेरिकन डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, ब्रिटिशांपैकी अवघ्या २ टक्क्यांनी. माणूस तोच, शब्द तेच. फरक पडला होता तो बघणाऱ्यांच्या शिकवणुकीत.

या धक्क्यातूनच निकषांच्या याद्या आल्या. नऊपैकी पाच लक्षणं, दोन आठवडे, त्यांत पहिल्या दोनांपैकी एक असलंच पाहिजे, अशी नैराश्याची यादी आता कॉलेजातली मुलंही घडाघडा म्हणतात. डीएसएमच्या १९८७, १९९४, २०१३, २०२२ अशा आवृत्त्या निघत गेल्या, त्यांची जंत्री देत बसत नाही. पण या याद्यांनी एकमत झालं, असं आमच्यातले काही विद्वान अजूनही व्यासपीठावरून सांगतात, ते मला मान्य नाही. पाचव्या आवृत्तीच्या चाचणीत दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तोच रुग्ण तपासला, तेव्हा योगायोगानं जुळणारा भाग वजा करून उरलेलं एकमत नैराश्याच्या बाबतीत ०.२८ भरलं. पूर्ण एकमत असतं तर ते १ भरलं असतं. आणि त्या नऊ लक्षणांच्या यादीतून निदानाला पात्र ठरणारे २२७ वेगवेगळे संच निघतात. म्हणजे एकाच नावाखाली अगदी भिन्न दुखणी बसतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं साठच्या दशकात नऊ केंद्रांत स्किझोफ्रेनियाची पाहणी सुरू केली. त्यांत लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन होतं, तसं आग्राही होतं. एकूण १,२०२ रुग्ण एकाच मुलाखत-पद्धतीनं तपासले गेले. पुढं पाठपुरावा झाला तेव्हा आग्रा आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा चांगले सावरलेले आढळले. यावर वाद झाले, अजून चालू आहेत. कोणी म्हणालं एकत्र कुटुंब, कोणी म्हणालं रुग्णांची निवड चुकली. चंदीगढच्या पदव्युत्तर संस्थेतले डॉ. नरेंद्रनाथ विग मात्र वेगळंच विचारत होते: आपल्याकडे अचानक येऊन थोड्या दिवसांत पूर्ण बरे होणारे जे रुग्ण आपण रोज बघतो, त्यांना पाश्चात्त्य पुस्तकात घर कुठं आहे?

विगांनी १९६७ साली गुरमीत सिंगांसह भारतासाठी स्वतंत्र वर्गीकरण सुचवलं. पुढं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं तीव्र मनोविकृतीची बहुकेंद्री पाहणी केली, त्यांत बिकानेर, पतियाळा, वेल्लोरबरोबर आपला गोवाही होता. १९९४ साली सूसर आणि वाँडरलिंग यांनी जागतिक आकडेवारी पुन्हा चाळली. अशी अचानक येऊन ओसरणारी मनोविकृती विकसनशील देशांत सुमारे दहापट आणि बायकांत पुरुषांच्या दुप्पट आढळते, असं त्यांनी दाखवलं. त्याआधीच आयसीडीच्या १९९२च्या दहाव्या आवृत्तीत तीव्र आणि क्षणिक मनोविकृतींचा वेगळा गट आला होता, त्यामागं विगांच्या आणि परिषदेच्या कामाचा मोठा वाटा होता. भारतीय दवाखान्यात पाहिलेल्या रुग्णांनी जगाच्या वर्गीकरणात बदल घडवला, ही गोष्ट मराठीत फार थोड्यांनी लिहिली आहे.

यातला मुद्दा पुस्तकातून कळत नाही. मी नवखा असताना एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ऊसतोडीच्या फडावरून एका तरुण बाईला आणलं होतं. सकाळी ती हसत ओव्या म्हणत होती, दुपारी मुकादम मारायला येतोय म्हणून खाटेखाली शिरली, संध्याकाळी देवी बोलतेय म्हणाली. कुठं आहोत, समोर कोण आहे, हे तिला नीट कळत होतं, त्यामुळं तापातल्या बरळण्याचा प्रश्न नव्हता. केसपेपरवर स्किझोफ्रेनिया लिहून झालं होतं. सासूला बाजूला बसवून विचारलं, “आजी, हिची झोप कधीपासून गेली?” गावाकडची माणसं तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. “संक्रांतीचं वाण घ्यायला गेली तवा चांगली व्हती. चार दिस झालं, पापणी लावंना.” आधी असं कधी? नाही. लग्नाआधी माहेरी? “तिच्या आईला इच्यारलंय, न्हाई.” घरात कोणाला? नाही. मधे काय घडलं? उचल फिटत नाही म्हणून टोळीत मोठं भांडण झालं होतं. आमच्या वरिष्ठांनी पेपरवरचं निदान खोडून ‘तीव्र मनोविकृती, निरीक्षणाखाली’ असं लिहिलं. होळीच्या सुमारास सासूसून तपासणीला आल्या, तेव्हा सून पूर्ण बरी होती आणि आधी स्वतःच्या लेकराच्या खोकल्याचं औषध मागत होती. पहिलं निदान तसंच राहिलं असतं तर त्या कागदानं तिचं सासर तुटायला वेळ लागला नसता.

अंगात येण्याबद्दलही तेच. आमचे काही सुधारक मित्र प्रत्येक अंगात येणाऱ्या बाईला रुग्ण ठरवतात, आणि काही परंपराप्रेमी कोणालाच ठरवू देत नाहीत. दोघंही प्रश्न विचारायचे टाळतात. व्हिएदा स्कल्टान्स या मानवशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या महानुभाव मंदिरात अभ्यास केला. घरातल्या आजारी माणसाचं दुखणं आपल्या अंगावर यावं म्हणून तिथं बायका झुलताना त्यांना दिसल्या. संस्कृतीनं मान्य केलेल्या जागी, ठरल्या वेळी येऊन जाणारी अवस्था विकार नव्हे, हे आयसीडीतही स्पष्ट आहे. आरती संपल्यावरही जी उतरत नाही, स्वयंपाक करताना, शेतात, नको असताना येते आणि बाईला मोडून टाकते, ती वेगळी.

दुःखाच्या बाबतीत तर काळाचा हिशेब चुकल्यानं सर्वांत मोठी हानी झाली. डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत मृत्यूनंतरचे दोन महिने नैराश्याच्या निदानातून साधारणपणे वगळलेले होते. २०१३ साली ती सूट काढली. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस यांनीच त्यावर कडाडून टीका केली, ती रास्त होती. २०२२ साली लांबलेल्या शोकाचा विकार आला, प्रौढांसाठी त्याला बारा महिन्यांची अट. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत सहा महिने. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण करत नाहीत. मला बारा महिन्यांची अट त्यामुळं जास्त शहाणपणाची वाटते.

आताची स्थिती मात्र खिन्न करणारी आहे. नैराश्याची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आज प्रत्येक मोबाइलवर आहे. गेल्या दोन आठवड्यांपुरतं विचारायचं, ० ते २७ गुण द्यायचे. प्राथमिक चाळणी म्हणून ती चांगली आहे आणि ती रचणाऱ्यांत स्पिट्झरच होते. पण १० गुण पडले की निदान झालं, असं समजून माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, आणि मानसशास्त्राचे पदवीधरही तसंच अहवालात लिहून देतात. ज्याला पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे, त्यालाही या नऊ प्रश्नांत तितकेच गुण पडतात. त्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. तो जुना झटका कोण सांगणार? त्याची बायको सांगेल, भाऊ सांगेल, “तीन वर्षांमागं यानं रात्रीत दुकानाचा माल वाटून टाकला होता.” पण त्यांना खोलीत बोलावलंच जात नाही.

पूर्वी आमच्याकडे विद्यार्थ्याला एका रुग्णाचा वृत्तांत सगळ्यांसमोर मांडायला दीड तास लागे. गर्भारपणापासून आजच्या दिवसापर्यंत. माहिती कोणी दिली, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हेही लिहावं लागे. आता छापील तक्त्यात खुणा करून पंधरा मिनिटांत आटोपतं. नव्या शिक्षकांचं म्हणणं, रुग्ण फार, माणसं थोडी. गर्दी खरी आहे. आग्र्याला साठच्या दशकात गर्दी नव्हती असं मात्र कोणी समजू नये.

आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिनं स्किझोफ्रेनियाचे जुने पोटप्रकार काढून टाकले आणि त्यांच्या जागी चालीची नोंद आणली: पहिला झटका, अनेक झटके, की सलग. क्षणिक मनोविकृतीचा गटही तिनं ठेवला, कमाल तीन महिन्यांच्या अटीवर, आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या लक्षणांना त्याचा गाभा मानलं. ऊसतोडीच्या फडावरून आलेली ती बाई आज या व्याख्येत जशीच्या तशी बसते. चालीचा हा रकाना भरायचा तर रुग्णाला तीन महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा बोलवावं लागेल, आला नाही तर निरोप धाडावा लागेल, आणि बरोबर घरचं माणूस आणायला सांगावं लागेल. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रशिक्षण केंद्रानं एवढं जरी सक्तीचं केलं तरी दहा वर्षांत आपल्या हाती आपल्या रुग्णांची अशी कार्डं जमतील, जी आज कोणाकडेच नाहीत.