इंजिन गचके खाते, आरोपी कोण?

वकिलीच्या व्यवसायात आम्ही नाना तऱ्हेचे साक्षीदार तपासले. परंतु एका डिझेल इंजिनाची उलटतपासणी घेण्याची पाळी आमच्यावर येईल, असे कधी वाटले नव्हते. ती आली रायगड जिल्ह्यातील एका बंदरावर. आमच्या वस्तीतला एक तरुण मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. हंगामाच्या तोंडावर घेतलेली उचल फिटायच्या आधीच मालकाने त्याला बोटीवरून उतरवले. आरोप असा की, डिझेल भरल्यावर टाकीचे झाकण याने सैल ठेवले, आत पाणी गेले आणि इंजिन बिघडले. नवे फिल्टर, नोझलची सफाई, फुकट गेलेल्या दोन फेऱ्या, सारे त्याच्या मजुरीतून वळते! वर बंदरावर एक शब्द फिरू लागला, 'पायगुण'. हा शब्द आपल्या माणसांनी किती पिढ्या ऐकला, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे साधे तत्त्व. पण इथे आरोपीलाच काय म्हणायचे ते ठाऊक नव्हते. कारण इंजिनाच्या खोलीत त्याला कुणी उतरूच दिले नव्हते. डिझेलचे कॅन वाहायला चालतो, इंजिनाला हात लावायला चालत नाही! तेव्हा आम्ही कायद्याची पुस्तके मिटली आणि बंदरावरच्या एका जुन्या मिस्त्रींपुढे शिकाऊ म्हणून जाऊन बसलो.

त्यांनी पहिला धडा दिला तो असा. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबली जाते, दाबाने ती तापते आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा पडला की भडका होतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली चालवून दाखवलेले तत्त्व आजही तेच आहे. म्हणजे चालते इंजिन अचानक गचके खाऊ लागले, तर ठिणगीला दोष देता येत नाही. पहिला संशय डिझेलच्या वाटेवर.

पण संशय घेण्याआधी धूर पाहा, असे मिस्त्री म्हणाले. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा इंजिनावर बोजा जास्त आहे. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा म्हणजे डिझेल नीट न पेटता बाहेर पडते आहे किंवा पाण्याची वाफ आहे. मग गिअर काढून पाहा. गिअर काढल्यावर इंजिन सुरळीत चालले आणि टाकल्यावर गुदमरले, तर पंख्यात दोर किंवा फाटके जाळे अडकलेले असू शकते. अशा वेळी इंजिन खोलून बसणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालतो.

आता डिझेलची वाट. टाकीतून निघालेले डिझेल आधी पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरमधून जाते, मग फीड पंप, मग दुसरा फिल्टर, मग मोठा इंजेक्शन पंप आणि शेवटी नोझल. यातली खुबी अशी की, टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते आणि पंपाच्या पुढे ते ढकलले जाते. पुढच्या भागात नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर ठिबकते, डोळ्यांना दिसते. मागच्या भागात चीर गेली तर थेंबही गळत नाही. उलट बाहेरची हवा आत शोषली जाते. सारे कोरडे ठणठणीत आणि इंजिन मात्र दम टाकते! म्हणून मिस्त्री ओल्या जागेपेक्षा कोरड्या जागेवर अधिक संशय घेतात. आम्हा वकिलांनीही हे शिकण्यासारखे आहे.

हवा शिरली असेल तर ती काढावी लागते. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाची दांडी हाताने मारत राहायचे, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू तसाच. नोझलच्या नळीशी मात्र खेळ नको. तिथला फवारा कातडी भेदून शरीरात शिरण्याइतका जोरकस असतो.

आणि पाणी? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर ओढलेली, टाकी अर्धी रिकामी. दमट हवेचे पाणी टाकीच्या आतल्या अंगाला धरते आणि तळाशी बसते, कारण ते डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा गाळ होतो. बंदरात हा गाळ शांत बसतो. खोल समुद्रात बोट डोलू लागली की ढवळून उठतो आणि फिल्टर चोंदवतो. म्हणून बंदरात ठाकठीक वाटणारे इंजिन नेमके लाटांत दगा देते.

मालकाचा आरोप इथपर्यंत खरा वाटत होता. मिस्त्रींनी फिल्टरच्या तळाची तोटी सोडली. चमचाभर पाणी निघाले, मग स्वच्छ डिझेल. नळ्या पाहिल्या, ठीक होत्या. तेव्हा त्यांनी तारखा विचारल्या. त्या आम्ही आधीच काढून ठेवल्या होत्या, सवयीने.

ऑगस्टमधल्या पहिल्या फेऱ्यांत इंजिनाने कुरकुर केली नव्हती. मग एकदा फिल्टरमध्ये थोडे पाणी सापडले. झाकणाचे रबर झिजलेले होते, पण दोष पोरावर आला. मालकाने नवे रबर घालून झाकण पान्याने घट्ट आवळले. आणि गचके सुरू झाले ते त्यानंतरच्या फेरीपासून! दर वेळी बंदर सोडल्यावर तास-दीड तासाने. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू.

मिस्त्री हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, चला बोटीवर."

मालकाची परवानगी मिळवायला आम्हाला दोन दिवस लागले. बंदर सोडून सव्वा तास झाला तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला, बोट अडखळू लागली. मिस्त्रींनी तांडेलाला इंजिन बंद करू दिले नाही. ते टाकीपाशी गेले आणि झाकण सैल केले. सुसाट आवाज झाला. हवा बाहेर आली नाही, आत गेली. थोड्याच वेळात इंजिन पुन्हा एका लयीत धडधडू लागले. तांडेल नुसता पाहत राहिला.

टाकीतले डिझेल जसजसे संपते तसतशी त्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी टाकीला हवेची वेगळी नळी असते, वर डेकवर तिचे तोंड, त्यावर बारीक जाळी. बंदीच्या काळात बोट रंगवली तेव्हा ती जाळीही रंगवली गेली होती. भोके बुजली. सुरुवातीला झिजलेल्या रबरातून हवा जात होती म्हणून बोट चालली. झाकण आवळले आणि टाकीचा श्वासच कोंडला. म्हणजे ज्या सैल झाकणासाठी पोराची मजुरी कापली, त्या सैल झाकणानेच तोवर बोट चालवली होती! रंग दिला तेव्हा हा पोरगा त्या बोटीवर लागलेलाही नव्हता.

मिस्त्रींनी तारेने जाळी मोकळी केली. दहा मिनिटांचे काम. वाऱ्याच्या दिवशी खडकांजवळ इंजिन बंद पडले असते तर सगळ्या खलाशांच्या जिवाशी गाठ होती, हे मात्र परतताना कुणी बोलले नाही.

आम्ही नोटिशीचा मसुदा तयार ठेवला होता. तो पाठवावा लागला नाही. मालकाने कापलेली मजुरी दोन हप्त्यांत दिली. फिल्टरचे पैसे आपल्या अंगावर घेताना त्याने बरीच खळखळ केली. 'पायगुण' हा शब्द काही त्याने परत घेतला नाही, आणि आम्ही तो घ्यायला लावू शकलो नाही याची रुखरुख आहे.

तो तरुण आता दुसऱ्या बोटीवर जातो. तिथल्या तांडेलाने त्याला इंजिनाच्या खोलीत उतरू दिले आहे. परवा भेटला तेव्हा हवा काढताना आधी कुठला स्क्रू, मग कुठला, हे त्याने आम्हालाच विचारले. आमचा क्रम चुकला. त्याचा बरोबर होता.