अँजिओग्राफी: भीती किती, धोका किती



गटाच्या मासिक बैठकीत कर्जाचे अर्ज वाचताना गेली काही वर्षं आम्हाला एक शब्द वारंवार दिसतोय. पूर्वी बी-बियाणं, शेळी, घराचे पत्रे, मुलीचं लग्न अशी कारणं असायची. आता त्यात 'अँजिओग्राफी' आली. अर्ज बहुतेक वेळा नवऱ्यासाठी किंवा सासऱ्यांसाठी असतो आणि तो पाच मिनिटांत मंजूर होतो, सह्या-अंगठे पटापट पडतात. बाईला स्वतःला डॉक्टरांनी तीच तपासणी सांगितली असेल, तर मात्र अर्जच येत नाही. "बघू, दिवाळीनंतर," एवढंच ऐकू येतं. खोदून विचारलं की पैशाच्या अडचणीमागून भीती बाहेर येते. "टेबलावरच माणूस गेलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर आज सरळ द्यायचं ठरवलंय. आम्ही डॉक्टर नाही. पण गटातल्या बायकांबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसलोय, संमतीपत्र वाचून दाखवलंय, आणि हृदयाच्या डॉक्टरांना, तिथल्या सिस्टरना न लाजता प्रश्न विचारलेत. त्यातून जे पक्कं समजलं ते सांगतो.

आधी एक घोळ सोडवू. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राफी म्हणजे चित्र काढणं, प्लास्टी म्हणजे दुरुस्ती. हृदय दिवसरात्र सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावर असतात. त्या कुठे आणि किती अरुंद झाल्यात, हे अँजिओग्राफीत दिसतं. त्याने ब्लॉक निघत नाही. "अँजिओग्राफी करून आले, आता बरं वाटेल," असं कुणी म्हणालं तर समजावून सांगा, की हा फक्त नकाशा झाला.

करतात कशी? मनगटात किंवा जांघेत बधिर करायचं इंजेक्शन देतात. तिथल्या धमनीतून बारीक, लवचीक नळी हृदयापर्यंत सरकवतात, तिच्यातून औषध सोडतात आणि क्ष-किरणांवर चित्रफीत घेतात. या औषधाला सगळे 'डाय' म्हणतात. माणूस जागा असतो, बोलतो. नळी आत सरकताना दुखत नाही, कारण रक्तवाहिनीच्या आतून ती जाणवतच नाही. डाय सोडला की अंगभर गरम लाट गेल्यासारखं वाटतं, काहींना लघवी झाली की काय असा भास होतो. तो भासच. चित्र काढायचं काम साधारण अर्ध्या तासाचं, बाकी वेळ तयारीचा आणि नंतर पडून राहण्याचा.

हृदयात नळी घालायची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली असेल, असं आम्हालाही वाटायचं. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण फोटो काढून घेतला. उपकरणांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन नावाच्या परिचारिकेकडे होती. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधलं आणि नळी मात्र स्वतःच्या हातात घातली. त्याला १९५६ साली नोबेल मिळालं. त्या बाईचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून आम्ही घेतलं. पुढे १९५८ साली अमेरिकेत मेसन सोन्स यांनी थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत डाय सोडून चित्र मिळवलं. म्हणजे ही तपासणी कालपरवाची नाही, लाखो लोकांवर झालेली आहे.

आता धोका. समजा हजार बायकांचा मेळावा भरलाय आणि सगळ्यांची ठरवून, तब्येत बघून अँजिओग्राफी झाली. त्यातल्या साधारण एकीला किंवा त्याहूनही कमी जणींना मृत्यू, पक्षाघात किंवा हृदयाचा झटका अशा गंभीर गोष्टीचा सामना करावा लागतो. शून्य नाही, हे आम्ही लपवणार नाही, संमतीपत्रातही ते छापलेलं असतं. पण भीतीच्या मानाने तो फार लहान आहे. त्यामानाने वरचेवर दिसतं ते नळी घातलेल्या जागी काळंनिळं होणं, गाठ येणं, थोडं रक्त येणं. मनगटातून केली तर हे कमी होतं आणि लवकर उठूनही बसता येतं, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी मनगटच निवडतात. बायकांच्या रक्तवाहिन्या पुरुषांपेक्षा बारीक असतात आणि जागेवर रक्त येण्याचा त्रास आपल्याला थोडा जास्त होतो. तेव्हा "मनगटातून करता येईल का?" हे नक्की विचारा. प्रत्येकीला जमेलच असं नाही, पण विचारायला काय जातं.

मग "अमक्याचा नवरा अँजिओग्राफीत गेला" हे गावोगाव का ऐकू येतं? आमच्या एका गटातल्या मावशींच्या घरी याच वाक्यावर तीन आठवडे वाद चालला. मावशी साठीच्या पुढच्या. चढ चढताना जबडा आणि पाठ दुखायची, दम लागायचा. घरचे पित्त समजून सोडा देत होते. डॉक्टरांनी तपासणी सांगितली तेव्हा मुलगा म्हणाला, शेजारच्या आळीतला माणूस त्यातच गेला. आम्ही त्या घरी जाऊन विचारलं. त्या माणसाला मोठा झटका आला होता, रात्रभर घरी काढून सकाळी नेला होता, आणि टेबलावर घेतलं तेव्हाच हृदय थकलेलं होतं. त्याचा जीव झटक्याने गेला, नाव मात्र तपासणीचं झालं. झटका आलेल्या माणसाची अँजिओग्राफी ठरवून केलेल्यापेक्षा जास्त जोखमीची असते हे खरं, पण तेव्हा ती न करण्याची जोखीम त्याहून मोठी असते. ज्याला आधीच आग लागली आहे त्या घरात शिरणं आणि नेहमीच्या घरात शिरणं यांची तुलना कशी करणार?

मावशींची तपासणी झाली. त्या म्हणाल्या, बांगड्या उतरवायलाच जास्त वेळ लागला. याबद्दलही बोलतो. मनगटात नळी घालायची तर बांगड्या काढाव्याच लागतात, आणि मंगळसूत्र छातीवर असलं तर चित्रात आडवं येतं. त्यावरून घरात रुसवेफुगवे होऊ देऊ नका, आधीच उतरवून घरच्या माणसाच्या हाती द्या. नखांचं पॉलिशही काढा, बोटाला लावायच्या यंत्राला अडचण होते. पाळी चालू असेल तर सांगा, सहसा तेवढ्याने तपासणी अडत नाही, पण रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, त्यामुळे डॉक्टरांना माहीत हवं. आणि दिवस गेल्याची थोडी जरी शंका असेल तर अजिबात गप्प बसू नका, कारण क्ष-किरण वापरतात.

हजारात एक हा आकडा सगळ्यांना सारखा लागू नसतो, हे आजच्या बोलण्यातलं सर्वांत महत्त्वाचं. तो कुणासाठी वाढतो? ज्यांच्या किडन्या आधीच कमजोर आहेत, त्यातही साखरेचा आजार आहे, वय जास्त आहे किंवा हृदयाचं पंपिंग कमी झालंय, त्यांच्यासाठी. डाय शरीराबाहेर टाकायचं काम किडन्या करतात. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. तो रिपोर्ट झालाय का, किती आलाय, हे विचारा. आकडा वाढलेला असला म्हणून तपासणी होतच नाही असं नाही, पण डाय कमी वापरणं, आधी सलाईन देणं अशी काळजी घेता येते. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर ती गोळी काही दिवस थांबवायची का, ते डॉक्टर किडनी बघून सांगतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तपासणीच्या सकाळी किती घ्यायचं ते आधीच लिहून घ्यावं, नाहीतर उपाशीपोटी साखर एकदम उतरते. उपाशी राहणं म्हणजे आपला निर्जळी उपास नव्हे. किती तास खायचं नाही आणि पाणी कधीपर्यंत प्यायचं, हे वेगवेगळं विचारा, कारण शरीर सुकलं तर त्रास किडनीलाच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि लपवूनही ठेवू नका. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता, अगदी वैद्यांची पुडीसुद्धा. पूर्वी कधी डाय दिल्यावर अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. तशी ॲलर्जी असेल तर आधी औषध देऊन काळजी घेतात. कोकणातल्या आमच्या मैत्रिणी विचारतात, कोळंबी सोसत नाही, मग आयोडीनचा डाय कसा सोसेल? कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नसते. तरी सांगून ठेवावं, पण तेवढ्यासाठी तपासणी टाळायची गरज नाही.

क्ष-किरणांची भीती पुष्कळ जणी घालतात. एका तपासणीत मिळणारं प्रमाण निसर्गातून दोन-तीन वर्षांत आपल्याला आपोआप मिळतं त्याच्या आसपास असतं. गरजेसाठी एकदा करायला हरकत नाही, हौसेने करू नये इतकंच.

आणि ही हौसेची गोष्ट खरंच आहे. धोका लहान असला तरी "का करायची?" हा प्रश्न सुटत नाही. छातीत दाब, घाम, हात-जबडा-पाठ दुखणं, बसल्या जागी दम, बायकांना तर कधी नुसती मळमळ आणि हातपाय गळणं, असं काही अचानक सुरू झालं आणि थांबेना, तर १०८ ला फोन करा. तिथे चर्चा नको, बैठक नको, ठराव नको. पैसे गट नंतर बघेल. पण महिनोन्महिने चालताना तेवढंच दुखतं आणि बसलं की थांबतं, अशा वेळी विचार करायला अवधी असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' नावाच्या मोठ्या अभ्यासात असे पाच हजारांहून जास्त स्थिर रुग्ण होते, भारतातलेही. आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेले आणि आधी नुसत्या औषधांवर ठेवलेले, यांच्यात मृत्यू किंवा झटका टळण्यात ठळक फरक दिसला नाही. ज्यांना दुखणं जास्त होतं त्यांचं दुखणं मात्र पहिल्या मार्गाने जास्त कमी झालं. मुख्य डाव्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले लोक त्या अभ्यासात घेतले नव्हते, म्हणून हे प्रत्येकाला जसंच्या तसं लावू नका. पण "औषधांवर काही दिवस बघता येईल का? सीटी अँजिओग्राफीने भागेल का?" हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. सीटीत नळी हृदयापर्यंत जात नाही, हाताच्या शिरेतून डाय देतात. डाय आणि किरण तिथेही आहेतच.

सगळ्यात कठीण क्षण आत नसतो, दाराबाहेर असतो. पेशंट टेबलावर, दार उघडतं, पडद्यावर ब्लॉक दाखवतात आणि विचारतात, "आत्ताच स्टेंट टाकायचा का? लवकर सांगा." त्या वेळी कुठल्या बाईचं डोकं चालेल? झटका आलेला असेल तर हो म्हणणंच योग्य. ठरवून केलेल्या तपासणीत मात्र आदल्या दिवशीच विचारून घ्या: ब्लॉक निघाला तर लगेच स्टेंट टाकणार का, थांबलं तर चालेल का, खर्च किती. थांबता येत असेल तर सीडी आणि रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती. पुढे आकडे बदलत गेले, म्हणून चालू दर विचारा आणि बिलात स्टेंटची किंमत व कंपनीचं नाव वेगळं लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. नुसती अँजिओग्राफी योजनेत बसते की पुढे उपचार झाला तरच, हे त्यांच्याकडून भरती होण्याआधी समजून घ्या.

मावशींना एक मध्यम ब्लॉक निघाला आणि गोळ्यांवर भागलं. पण आमच्याकडे अशाही बायका आहेत ज्यांना मोठा ब्लॉक निघालाच नाही, आणि घरी टोमणे मिळाले, "उगाच पैसे घातलेस." मैत्रिणींनो, अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. हृदयाच्या आतल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांचं दुखणं त्यात दिसत नाही, आणि ते बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. ब्लॉक नाही ही चांगली बातमी आहे, पण दुखणं खोटं होतं असा तिचा अर्थ नाही. त्रास चालू राहिला तर तेच रिपोर्ट घेऊन परत दाखवा.

घरी आल्यावरचं थोडं. मनगटातून केली असेल तर दोन-तीन दिवस त्या हाताने हंडा, बादली, कणीक मळणं, कपडे पिळणं बंद. जांघेतून केली असेल तर आठवडाभर जड उचलायचं नाही, आणि पहिले दिवस उकिडवं बसणं, शौचाला जोर करणं टाळावं. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची कुणाकडून आणून ठेवा. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल तर भरपूर प्या. जागेवरून रक्त आलं तर आडवं व्हा, घरच्या माणसाने त्या जागेवर बोटांनी घट्ट दाब धरावा, आणि दहा मिनिटांत थांबलं नाही किंवा धार लागली तर १०८. हात किंवा पाय गार, निळसर, बधिर पडला, गाठ वाढत गेली, ताप आला, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, छातीत पुन्हा दुखायला लागलं किंवा दम लागला, तर थेट १०८. आणि हे सगळं सुनेला किंवा मुलाला आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा स्वतःला बोलता येईलच असं नाही.